काडेपेटी

कुतायसीत त्या हिवाळ्यात वीज यायची
आगंतुक पाहुणीसारखी,
आणि चहाला आधण येण्याआधीच निघून जायची.
लामझिराबाईंचा वर्ग रॉकेलच्या एका दिव्यावर चालायचा.
आम्ही सात जण, अंगात कोट, संवादागणिक तोंडातून वाफ.
सगळ्याची सोंगं आणता येतात, बाई म्हणायच्या,
उबेचं येत नाही.
तेव्हा थंडी लपवू नका.

माझ्या वाट्याला आलेला प्रसंग एवढाच :
माणूस घरी येतो. टेबलावर पत्र. भाऊ गेल्याचं.
संवाद एकही नाही.

मी पत्र उघडलं, गुडघ्यांवर कोसळलो,
डोळे अगदी वेळेवर भरून आले.
एक थेंब नाकाच्या शेंड्यावर चमकलाही असणार,
कारण मागे ओतियानं हळूच टाळी वाजवली.
बाई म्हणाल्या, छान रडलास.
आता सांग, अक्षर कुणाचं होतं?

कागद कोरा होता.
कोऱ्या कागदावर मी इतका रडलो होतो.

पुन्हा, म्हणाल्या. मग पुन्हा.
असा अख्खा जानेवारी.
एकदा म्हणाल्या, दुःख तुझी मान करतेय, तू नाही.
बरेचदा काहीच म्हणायच्या नाहीत, अक्रोड फोडत बसायच्या,
आणि तो कट्ट आवाज
माझ्या हुंदक्यापेक्षा खरा वाटायचा.

फेब्रुवारीत माझे वडील गेले.
रिओनीच्या पलीकडच्या इस्पितळात, पहाटे.
फोन बंद, म्हणून शेजारचा ग्वांजी पुलावरून चालत आला.
दारात उभं राहून त्यानं टोपी काढली
आणि मी म्हणालो,
आत ये, बूट भिजले असतील तुझे.
मग चहा ठेवायला काडेपेटी शोधू लागलो.
फडताळात. खिडकीत. चुलीमागे.
वडलांच्या कोटाच्या खिशात हात घातला,
नखांत तंबाखूचा चुरा आला.
काडेपेटी माझ्या डाव्या हातात होती.
ग्वांजीला दिसत होती. तो बोलला नाही.

आणि हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही :
त्याच क्षणी माझ्याच आत, मागच्या रांगेत बसलेला कुणी
पुढे झुकून म्हणाला,
हे लक्षात ठेव. उपयोगी पडेल.

माती देऊन आल्यावर आठवडाभर
मला त्याचं तोंड बघवेना.
आरशात तोच असायचा.

तरी वर्गात गेलो तेव्हा त्याला घेऊनच गेलो.
पत्र वाचलं. डाव्या हातात काडेपेटी घट्ट धरली
आणि शोधू लागलो. टेबलाखाली, खिशांत, सगळीकडे.
ओतियाचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.
बाईंनी अक्रोड खाली ठेवला.

तुला माहीत आहे ती हातात आहे, म्हणाल्या.
त्या दिवशी नव्हतं माहीत.
ने ती घरी परत.

कशी कळली त्यांना, कोण जाणे.
मला राग आला, इतका की कानशिलं तापली.
आता माझ्याकडे दाखवायला काही उरलं नव्हतं.
उद्या येऊ नये असं ठरवूनच
शेवटचं म्हणून दारातून आत आलो.
टेबलावर कागद. उचलला. कोरा नव्हता.
बाईंचं तिरकं, घाईतलं अक्षर :

*तुझ्या वडलांनी ऑक्टोबरात
मला गाडीभर लाकडं आणून दिली.
पैसे घ्यायला ते पुन्हा आलेच नाहीत.*

मी खाली बसलो. दुसऱ्यांदा वाचलं.
लाकडांचं ते घरी कधी बोलले नव्हते.
घडी घालावी की नको कळेना,
कागद गुडघ्यावर ठेवून त्याचा दुमडलेला कोपरा
अंगठ्यानं सरळ करत राहिलो.

टाळी वाजली नाही.

घरी जाताना पुलावर ओतियाला विचारलं,
पत्र दुसऱ्यांदा वाचताना
माझा चेहरा कसा होता?

तो बराच वेळ खाली पाण्याकडे बघत राहिला.
दुसऱ्यांदा? म्हणाला.
रॉकेल तर तू बसलास तेव्हाच संपलं होतं.
आम्ही सगळे अंधारातच बसून होतो.